रविवारचे दोन तास

मनवरबाबूंच्या आठवड्यात आनंद फक्त सोळा मिनिटांचा आहे, ही गोष्ट वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत कोणालाच माहीत नव्हती. खुद्द मनवरबाबूंनाही नाही. ती एका छापील तक्त्यामुळे उघडकीला आली. छापील तक्ता दिसला की तो भरल्याशिवाय राहवत नाही, अशी काही माणसं असतात. धर्मपाल मनवर महागावच्या एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर एकवीस वर्षं बसले होते, त्यामुळे त्यांचा इलाज नव्हता.

त्या वर्षी जिल्ह्यात कापसाला भाव नव्हता, बियाण्यावर भरवसा नव्हता, शिबिरांना मात्र तोटा नव्हता. शेतकऱ्यांच्या मनासाठी एक शिबिर झालं, ते शिबिर घेणाऱ्यांच्या मनासाठी दुसरं झालं आणि निधी उरला म्हणून कर्मचाऱ्यांच्या मनासाठी तिसरं यवतमाळला झालं. पुण्याहून आलेल्या एका गोड आवाजाच्या गृहस्थांनी सगळ्यांना तक्ता वाटला. पहिल्या रकान्यात आठवड्याचे तास, दुसऱ्यात त्या कामावरचा खर्च, तिसऱ्यात दहापैकी आनंद.

"जिथे आनंद जास्त, तिथे आपला वेळ आणि पैसा वळवायचा," गृहस्थ म्हणाले. "इतकं साधं आहे."

शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाने सगळीकडे दहा-दहा लिहून जेवणाची रांग गाठली. मनवरबाबूंनी पेन्सिलीला टोक केलं. पहिल्या बेरजेत त्यांचा आठवडा एकशे एकाहत्तर तासांचा निघाला. आठवडा असतो एकशे अडुसष्टचा. हे वरचे तीन तास कुठून घुसले याचा त्यांना संशय आला, आणि संशय आला की मनवरबाबूंची भूक मरते. पुऱ्या संपल्या तेव्हा चूक सापडली. जेवता जेवता बातम्या बघणं त्यांनी जेवणातही धरलं होतं आणि बातम्यांतही.

मग तिसरा रकाना. नोकरी, तीन. बातम्या, दोन. विहारातली रविवारची वंदना, सात. कर्णा खरखरत नसता तर आठ. मेव्हण्याच्या घरी जाणं, हा आकडा त्यांनी आधी लिहिला आणि मग खोडला, कारण तक्ता बायकोच्या, म्हणजे इंदूबाईंच्या, हाती लागण्याचा संभव होता. दहापैकी दहा फक्त एका ठिकाणी पडले आणि ते बघून ते स्वतःच चपापले.

दर बुधवारी कचेरीचं टपाल घेऊन ते एसटीने फुलसावंगीला जात. त्या गाडीचं पाणी नेमकं एका तांड्याच्या अलीकडे संपे. ड्रायव्हर डबा घेऊन शेतातल्या विहिरीवर जाई, लोक खाली उतरून पाय मोकळे करत आणि मनवरबाबू विहिरीवर वाकलेल्या बाभळीकडे बघत उभे राहत. बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबत असत. पिवळ्या टोपीची पाखरं चोचीत गवताची हिरवी दोरी घेऊन येत, ओवत, गाठ मारत, पुन्हा जात. गाडी सुटेपर्यंत सोळा मिनिटं होत. त्यांनी मोजली नव्हती. पण एकवीस वर्षं ज्याच्या टेबलावर घड्याळ समोर आहे, त्याच्या अंगात ती आपोआप मोजली जातात.

महिन्याभरात त्यांनी यवतमाळहून एक जुनी दुर्बीण आणली आणि एक घडीची खुर्ची. कचेरीचा कागद खासगी कामाला वापरायचा नाही म्हणून पुठ्ठ्याच्या बांधणीची वही स्वतःच्या पैशाने घेतली. जुलैच्या दुसऱ्या रविवारी, वंदना आटोपून, सगळं स्कूटरला बांधून त्यांनी दारातून आवाज दिला, "येतो मी दोन तासांत."

"कुठी जाऊन राह्यले जी?" इंदूबाई.

"तिकडं. बसाले."

"बसाले?" इंदूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. खुर्चीकडे त्यांनी बघितलं, दुर्बिणीकडे बघितलं. "घरी बसता येत नाई का? चार खुर्च्या हायेत आपल्या. माहेरच्या दोन धरून सहा."

मनवरबाबूंना खरं सांगता आलं असतं. पण पाखरं बघायला जातो हे वाक्य तोंडाशी आलं की ते ऐकताना इंदूबाईंचा चेहरा कसा होईल तेही दिसे, आणि वाक्य परत जाई. "येतोच," म्हणाले आणि किक मारली.

इथून संशयाची सुरुवात झाली, आणि न्यायाने बोलायचं तर ती मनवरबाबूंनीच केली.

शेजारी लालसिंग राठोड राहत. एसटीत कंडक्टर म्हणून छत्तीस वर्षं काढून निवृत्त झाले होते आणि अजूनही समोरच्या माणसाकडे, हा तिकीट न काढता बसलेला आहे, अशाच नजरेने बघत. दुसऱ्या रविवारी ते फाटकाशी येऊन उभे राहिले.

"मनवरबाबू, एक गोष्ट सांगू का, राग नका मानू. मानूस खुर्ची घेऊन जाते, तीच खुर्ची घेऊन येते, अन् खुशीत येते. अशा मानसाचं लोक तीनच अर्थ लावते. दुसरं घर, जमिनीचा सौदा, नाई तं बुवा."

"तुमाले काय वाटते?"

"मी तं म्हनतो जमीन. बुवा तुमच्यात चालत नाई. दुसरं घर..." त्यांनी मनवरबाबूंना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तो मुद्दा दयेने सोडून दिला. "माह्यं ऐका. येताना काहीतरी घेऊन येत जा. हातात पिशवी दिसली की मानूस कामाचा वाटते."

मनवरबाबूंच्या मानी स्वभावाला हे लागलं, पण सल्ला पटला. त्या रविवारपासून येताना ते वाटेवरच्या एका शेतातून दोन किलो वांगी घेऊ लागले. परिणाम अपेक्षेच्या उलट झाला. पहिल्या पिशवीकडे इंदूबाईंनी नुसतं बघितलं. दुसरी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "वांगी तुमाले आवडत नाईत. सत्तावीस वर्सांत तुमी वांगं आनलं नाई. हे देते कोन?" तिसऱ्या पिशवीच्या वेळी त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि ते फार वाईट लक्षण होतं. रात्री मनवरबाबूंच्या शर्टाच्या खिशात गवताची हिरवी पात सापडली. इंदूबाईंनी ती खिडकीत ठेवली, टाकली नाही.

इकडे बाभळीखाली मात्र सगळं ठीक चाललं होतं. मनवरबाबूंनी खोप्यांना क्रमांक दिले होते. वहीत नोंदी होत्या त्या अशा: "नर क्र. ४. खोपा अर्धा, टोपीएवढा. मादी ९.४० ला आली. आत डोकावली. दोन दोऱ्या ओढून पाहिल्या. उलटी लटकली. नापसंत. नर क्र. ४ सात मिनिटे स्तब्ध. ९.५१ ला नवीन खोपा सुरू."

या पाखराला आपण सगळे सुगरण म्हणतो. विणकाम सगळं नराचं असतं. मादी फक्त अर्धा खोपा तपासायला येते आणि बहुधा मोडता घालून जाते. मनवरबाबूंना हे कळलं तेव्हा त्यांना फार दिवसांच्या ओळखीचा माणूस भेटल्यासारखं झालं. हा शोध घरी सांगायचा नाही असंही त्यांनी ठरवलं.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी क्रमांक चारचा तिसरा खोपा मादीने पसंत केला. ती आत गेली आणि बाहेर आलीच नाही. मनवरबाबूंनी दुर्बीण खाली घेतली. त्यांचे डोळे ओले झाले होते. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि नेमका तेव्हाच मागून आवाज आला.

"सायेब, कायचा सर्वे हाये?"

बकऱ्या घेऊन एक म्हातारा उभा होता. डोमाजी नाव. मनवरबाबू म्हणाले, "सर्वे नाही बाबा. खोपे मोजतो."

"हाव," डोमाजी म्हणाला. "मोजा मोजा." आणि निघून गेला. पंधरा मिनिटांनी तो आणखी चौघांना घेऊन आला.

आता हे बाहेरच्या माणसाला समजायचं नाही, म्हणून सांगितलं पाहिजे. त्या वर्षी सरकारी मदतीच्या पॅकेजची हवा होती. दर दुसऱ्या दिवशी एक जीप यायची. कोणी विहिरी मोजे, कोणी जनावरं, कोणी कुटुंबं. एकदा कॉलेजची मुलं येऊन 'दुपारी झोप लागते का' हेही विचारून लिहून घेऊन गेली होती. कोणता सर्वे कुठल्या यादीला जाऊन लागेल याचा नेम नव्हता. मागे एक माणूस येऊन नुसती झाडं मोजतो म्हणाला, लोकांनी त्याला पाणी पाजून वाटेला लावलं, आणि पुढे त्याच्या यादीवरून शेजारच्या गावात पंप आले. तेव्हापासून 'हा सर्वे नाही' असं म्हणणारा माणूस म्हणजेच खरा सर्वे, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. शिवाय मनवरबाबूंजवळ खुर्ची होती, वही होती, आणि डोळ्याला लावायचं यंत्र होतं. इतका सरंजाम तर खऱ्या साहेबाजवळही नसतो.

पुढच्या रविवारी बाभळीखाली बावीस माणसं बसली होती. प्रत्येकाच्या हातात सातबाऱ्याची झेरॉक्स.

मनवरबाबूंनी स्कूटर उभी केली आणि भाषण केलं. मी सरकारी कामावर नाही, आज सुट्टी आहे, मी फक्त पाखरं बघतो, यातून कोणाला काहीही मिळणार नाही. लोकांनी मान डोलावत ऐकलं. इतक्या स्वच्छ शब्दांत नाही म्हणणारा अधिकारी त्यांनी पहिल्यांदाच बघितला होता. त्यांचा विश्वास दुणावला.

"बराबर हाये सायेब," डोमाजी म्हणाला. "तुमी कागद ठेवून घ्या. काही होवो का न होवो."

आणि त्याने कागद पुढे केला.

मनवरबाबूंच्या हातून जे झालं ते मुद्दाम झालेलं नाही. एकवीस वर्षांत त्यांच्यासमोर कोणी कागद धरला आणि त्यांनी तो घेतला नाही, असं एकदाही घडलं नव्हतं. हात पुढे गेला. कागद घेतला. दुसऱ्या हाताने पेन काढलं आणि कागदाच्या उजव्या कोपऱ्यात, सुबक अक्षरात, लिहिलं: आवक क्र. १. खाली तारीख. खाली सही.

सही करून झाल्यावर त्यांना घाम फुटला. पण तोवर दुसरा कागद पुढे आला होता, आणि ज्याने एकाला क्रमांक दिला त्याने दुसऱ्याला का देऊ नये याला उत्तर नव्हतं. त्या दिवशी बावीस झाले, पुढच्या रविवारी धरून एकूण एकसष्ट. पाखरं बघायला वेळ उरला नाही. क्रमांक चारच्या खोप्यात पिल्लं झाली होती. त्यांची चिवचिव वरून ऐकू येत होती आणि मनवरबाबू खाली मान घालून आवक टाकत होते. थोडक्यात, आठवड्याचे सहा दिवस जे काम करून दहापैकी तीन गुण मिळत, तेच काम ते आता सातव्या दिवशी, स्वतःच्या खुर्चीवर बसून, स्वतःच्या पेट्रोलने येऊन करत होते.

त्याच रविवारी गुलाबसिंग आला. विहीर त्याची, शेत त्याचं, बाभूळ त्याची. सगळ्या गर्दीत त्याचाच एकट्याचा कागद नव्हता. तो पाण्याच्या पाइपला टेकून बराच वेळ बघत उभा राहिला, लोक पांगल्यावर जवळ आला.

"मले एक सांगा बाबूजी. तुमी खरोखर खोपे मोजता?"

"खरोखर," मनवरबाबू म्हणाले. निदान एका माणसाला तरी खरं वाटलं म्हणून त्यांना बरं वाटलं.

"म्हंजे माह्या डोक्यात आलं तेच." गुलाबसिंगचा आवाज खाली आला. "पयले पाखरं मोजतात. मंग पाटी लागते. मंग कोनी येऊन सांगते का हे राखीव झालं, आता इथं मोटर लावाची तं परवानगी काढा. पलीकडे जंगलाच्या कडेले माह्या सासऱ्याचं असंच झालं. मले त्या मार्गानं जायचं नाई. पोळ्याच्या आधी, येत्या रविवारी, ही बाभूळ पाडतो. खोपेच नाई तं मोजसान काय?"

"अरे, पिल्लं हायेत वर!"

"हेबी लिवून घेतलं काय?" गुलाबसिंग म्हणाला, आणि गेला.

मनवरबाबूंनी त्या दिवशी वांगी घेतली नाहीत.

मंगळवारी साहेबांनी बोलावलं. साहेब वयाने लहान, नवीन आणि सावध होते. समोर एक निनावी अर्ज होता.

"मनवर, तुम्ही सुट्टीच्या दिवशी लोकांकडून कागद घेता?"

"हो साहेब. म्हणजे घेतले गेले."

"किती घेता एका कागदाचे?"

मनवरबाबूंच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. एकवीस वर्षांत त्यांनी कोणाचा चहासुद्धा घेतला नव्हता. घेतला असता तर आज निदान सवयीने उत्तर देता आलं असतं. "काही नाही साहेब."

"मग कशासाठी? उद्देश काय?"

मनवरबाबूंनी फार विचार केला. "आनंद," ते म्हणाले.

साहेबांनी लिहायला घेतलेलं पेन थांबवलं. "हे मी टिप्पणीत कसं लिहू?"

तेव्हा मनवरबाबूंनी खिशातून शिबिराचा तक्ता काढून टेबलावर ठेवला. शिबिराला पाठवण्याचं पत्र क्रमांकासह सोबत जोडलेलं होतं. वेळ आणि पैसा आनंदाकडे वळवा असं शासनाच्या खर्चाने सांगण्यात आलं, आणि आपण ते केलं. शिबिराला आलेल्या तीनशे कर्मचाऱ्यांपैकी ते करणारे आपण एकटेच असू, हेही त्यांनी नम्रपणे निदर्शनास आणून दिलं.

साहेबांनी तक्ता उलटसुलट करून बघितला. काहीतरी डाव आहे हे त्यांना कळत होतं. कोणता ते कळत नव्हतं. "सोळा मिनिटं म्हणजे काय?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता हात वर केला. "राहू द्या. येत्या रविवारी सगळे कागद ज्याचे त्याला परत करा. सही घेऊन. आणि त्यानंतर सुट्टीच्या दिवशी मला त्या रस्त्यावर तुम्ही दिसायचं नाही."

कागद एकसष्ट होते आणि ते मनवरबाबूंनी घरातल्या पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या शालीखाली ठेवले होते. बुधवारी फुलसावंगीहून परतले तेव्हा पेटी अंगणात उघडी होती. इंदूबाई पाटावर बसल्या होत्या, आणि शेजारी लालसिंग चष्मा लावून एकेक सातबारा तपासत होते.

"एकसष्ट शेतं," लालसिंग म्हणाले. त्यांच्या आवाजात धाक होता आणि थोडा आदरही. "मी सौदा म्हनलो होतो, पर इतका मोठा म्हनलो नव्हतो."

इंदूबाईंच्या हातात ती गवताची पात होती. वाळून पिवळी झालेली. "जी, मले काही लपवू नका," त्या म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता. "तुमी आपल्या पोराच्या शिक्षनाचा पैसा कुठं घातला?"

आता सगळं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मनवरबाबूंनी सांगितलं. तक्ता, सोळा मिनिटं, क्रमांक चार, आवक क्रमांक एक, गुलाबसिंगची कुऱ्हाड. लालसिंगनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"हे खोटं हाये," लालसिंग शेवटी म्हणाले. "खोटं असल्याबिगर इतकं बेकार कोनी सांगत नाई."

"मी येते रविवारी," इंदूबाई म्हणाल्या. "पाहून घेते."

रविवारी इंदूबाई स्कूटरवर मागे बसल्या, मांडीवर एकसष्ट कागदांची पिशवी. लालसिंग आपल्या लुनावरून मागोमाग आले. चौकशी अर्धवट सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. बाभळीखाली मागच्या दोन वेळांपेक्षा जास्त गर्दी होती. गुलाबसिंग दोर आणि कुऱ्हाड घेऊन विहिरीच्या काठावर बसला होता.

मनवरबाबू उभे राहिले. "कागद परत घेऊन जा," ते म्हणाले.

पहिल्यांदाच लोक अस्वस्थ झाले. "म्हंजे नामंजूर?" कोणीतरी विचारलं. "कोन्या कारनानं? कारन लिवून द्या!" दुसरा म्हणाला, "त्या पलीकडल्या गावाचं केलं असंल मंजूर." गलका वाढला. कोणी कागद घेईना. तेव्हा मनवरबाबू मुकाट्याने खुर्चीवर बसले, पहिला कागद काढला आणि आवक क्रमांकाच्या बाजूला लिहिलं: जावक क्र. १.

गलका थांबला. आवक झाली, जावक झाली. म्हणजे कागद कुठेतरी जाऊन आला. लोक रांगेत उभे राहिले.

पहिला डोमाजीचा होता. त्याने तो नीट बघितला, प्लॅस्टिकच्या थैलीत घातला आणि थैलीची घडी घातली. "मले माईत होतं बाबू, यातून काही येत नाई," तो हळूच म्हणाला. "पर तुमी नंबर टाकला ते बरं वाटलं. आतापावेतो चार जीपा आल्या, माह्या कागदावर कोनी नंबर नव्हता टाकला."

मनवरबाबूंनी पुढचा कागद घेतला.

एकसष्टावा गेल्यावर गुलाबसिंग उठला. "आता माह्यं काम," म्हणाला आणि दोर फांदीवर फेकला. फांदी हलली तशी पाखरांनी एकच गिल्ला केला. मनवरबाबू धावले आणि बुंध्याला पाठ लावून उभे राहिले. त्रेपन्न वर्षांचे, इस्त्रीचा शर्ट घातलेले, गळ्यात दुर्बीण. त्यांना स्वतःचंच फार नवल वाटलं.

"बाजूले व्हा बाबूजी. नाई तं सांगा, हे कोन्या खात्याचं हाये."

"कोणत्याच नाही!"

"मंग तुमी येता कायले?"

इथे लालसिंग पुढे झाले. गुलाबसिंगशी ते आपल्या बंजाऱ्यांच्या गोर बोलीत काहीतरी बराच वेळ बोलले. दोनदा मनवरबाबूंकडे बोट दाखवलं, एकदा स्वतःच्या डोक्याकडे. मग वळून म्हणाले, "मी त्याले सांगतलं का हा मानूस काहीच करत नाई, मी सहा हप्ते पाळत ठेवली. त्याले पटून राह्यलं, पर तो म्हनते लिवून द्या."

"काय लिहून देऊ?"

"का तुमी इथं कायच्याचसाठी येत नाई."

मनवरबाबूंनी वहीचं कोरं पान फाडलं, गुडघ्यावर ठेवलं आणि आयुष्यात लिहिलेल्या हजारो कागदांपैकी सर्वांत अवघड कागद लिहिला. "प्रमाणपत्र. लिहून देण्यात येते की, मी खाली सही करणार धर्मपाल मनवर, श्री. गुलाबसिंग यांच्या शेतातील बाभळीखाली दर रविवारी दोन तास बसतो. सदर बसण्यामागे कोणतेही शासकीय, खासगी किंवा धार्मिक काम नाही. त्यापासून मला किंवा इतर कोणालाही कसलाही लाभ नाही व पुढे होणार नाही. मला बरे वाटते म्हणून बसतो." शेवटचं वाक्य त्यांनी खोडायला पेन टेकवलं. मग तसंच राहू दिलं.

"साक्षीदार," गुलाबसिंग म्हणाला.

लालसिंगनी सही केली. इंदूबाईंनी कागद हातात घेतला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, शेवटची ओळ पुन्हा वाचली. मनवरबाबू त्यांच्या चेहऱ्याकडे बघत स्तब्ध उभे होते. इंदूबाईंनी सही केली.

गुलाबसिंगने कागद उजेडात धरला, खिशात घातला आणि दोर गुंडाळायला लागला. रांगेतून आवाज आला, "सायेब, त्याले काय देलं? आमालेबी द्या एकएक!" आणि सगळे पुन्हा जवळ सरकले. लालसिंगनी हात आडवा घातला आणि छत्तीस वर्षांचा आवाज काढला, "चला, मागं सरका! झेरॉक्स महागावले भेटते!" सगळे त्यांच्याबरोबर रस्त्याकडे गेले.

बाभळीखाली दोघंच उरली. पाखरं पुन्हा कामाला लागली.

इंदूबाई खुर्चीजवळ गेल्या. पाठ हाताने दाबून बघितली. एक पाय हलवून बघितला. शिवण ओढून बघितली. मग बसल्या. वहीची पानं उलटली. कुठे कुठे थांबल्या. "नर क्रमांक चार सात मिनटं स्तब्ध," त्यांनी मोठ्याने वाचलं आणि नवऱ्याकडे बघितलं. मनवरबाबूंनी दुर्बीण पुढे केली.

इंदूबाईंनी ती डोळ्याला लावली. वर क्रमांक चारच्या खोप्याच्या तोंडातून एक पिल्लू डोकावलं आणि आत गेलं. मनवरबाबू उन्हात उभे होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. साहेबांनी आजनंतर सुट्टीच्या दिवशी या रस्त्यावर दिसू नका म्हणून सांगितलं होतं. गळ्याशी घाम येत होता आणि पाय दुखत होते. पण या घटकेला कोणी तिसरा रकाना पुढे केला असता तर त्यांनी न अडखळता आकडा लिहिला असता.

सोळाव्या मिनिटाला इंदूबाईंनी दुर्बीण खाली घेतली.

"तुमाले काही समजत नाई जी," त्या म्हणाल्या. "खुर्ची एकच काहून आनली?"